मॅडम, सुतार आणि दहा फुटांचा ओटा

घर आतून सजवायचं म्हटलं तर माणसानं विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बरं? सुतारावर, साडूवर, का टीव्हीवर? तुम्ही आत्ता माझ्या काउंटरला टेकून विचारताय, पुण्याची इंटिरिअर डिझायनर आणू का म्हणून. हाच प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारला असेल! मंचरला माझं प्लायवुड-हार्डवेअरचं दुकान, शिक्षण सातवी, बाकीचं सगळं या काउंटरवर शिकलो. प्लायवुडच्या थप्पीचं कसं असतं, वरची शीटं विकली जातात आणि तळाची वर्षानुवर्षं तिथंच राहतात. किश्श्यांचंही तसंच. माझ्या थप्पीच्या तळाला एकाच घराचे किस्से आहेत, ते काही हलत नाहीत. चहा मागवलाय. बसा.

घर निरगुडसरचं. थोरले एकनाथभाऊ, धाकटा विलास आणि त्यांचे वडील तात्या. कांद्याला लागोपाठ दोन वर्षं बाजार मिळाला आणि मळ्यात बंगल्याचा स्लॅब पडला. आतल्या भिंती अजून उठायच्या होत्या. तात्या एक दिवस दुकानात आले, खुर्चीत बसले, बराच वेळ कड्या-कोयंडे बघत राहिले. मग म्हणाले, "शेठ, घर कसंबी सजवा. पण असं करा की पोरं एकत्र ऱ्हातील. मधी भिंत आली तर माझं बांधणं वाया गेलं."

भावांचं फाटत चाललंय हे मला तेव्हा कळलं. मी डिझायनर वैशाली मॅडमचं नाव सुचवलं. त्यांनी नारायणगावच्या एका डॉक्टरांचा दवाखाना सजवला होता. तिथं नंबरावरून पेशंट भांडत नाहीत, एवढंच मी पाहिलं होतं. तेवढ्यावर सुचवलं.

* * *

तर पहिली गोष्ट. डिझायनर आली की पर्समधून टेप काढील, असं समजू नका.

आम्ही सगळे नव्या बांधकामावर उभे. एकनाथभाऊंनी कडक इस्त्रीचा सदरा घातलेला, विलासनं मापं लिहायला वही आणलेली. मॅडम आल्या, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाल्या, जुनं घर कुठाय? तिथं गेल्या आणि थेट स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. सकाळी दहाला बसल्या ते दुपारी दोनपर्यंत. मोठी सून कमलवहिनी आणि धाकटी सून शोभा, दोघी संकोचून आपापलं काम करत होत्या. मॅडमनी भाकरीची परात धरायला मदत केली, ताक प्यायलं, ओट्यापाशी कोण किती वेळा वाकतं ते बघितलं. एकदाही टेप काढला नाही. बाहेर एकनाथभाऊ मला हळूच म्हणाले, "शेठ, ही घर करायला आलीय का जेवायला?"

परत येताना गाडीत मॅडम म्हणाल्या, "या घरात दोन चुली आहेत."

मी म्हटलं, छे, मी दहा वर्षं तिथं चहा पितोय, सैपाक एकच असतो.

"मिठाच्या बरण्या दोन आहेत, शेठ. एकीला हात लावताना दुसरी बाई बघते. आणि धाकटी डावखुरी आहे, तिला त्या ओट्याशी रोज उलटं उभं राहावं लागतं. ती चिडणारच."

दहा वर्षं मी त्या घरात बिजागऱ्या विकल्या. मीठ काही मला दिसलं नव्हतं.

* * *

आता सुतार. सुतार आणि डिझायनर म्हणजे सासू-सुना, हे धरूनच चाला.

आमचे रामभाऊ सुतार पिंपळवंडीचे. हातात कला, जिभेवर करवत. मॅडमनी ड्रॉइंगची वीस पानं दिली, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. रामभाऊंनी ती पानं माझ्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "हे इंजिनला द्या. आमी फूट, इंच आन् सूत यांच्या पलीकडं जात न्हाई." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या सुतारांचं सगळं जग त्यात बसतं. त्या पानांवर रामभाऊंनी आठवडाभर डबा खाल्ला.

पुढच्या खेपेला मॅडमनी वीसच्या वीस पानं नव्यानं काढून आणली. फूट, इंच, सूत. रामभाऊंच्या हातात देताना एवढंच म्हणाल्या की मला सुतात मोजायची सवय नाही, कुठं चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

झालं! रामभाऊ पहिल्या पानापासून चूक शोधायला बसले. दोन दिवस खपले. चौदाव्या पानावर सापडली, कपाटाची फळी तीन सूत जास्त. सायकल हाणत दुकानात आले, चेहऱ्यावर दिवाळी. मॅडमनी फोनवर माफी मागितली. त्या दिवसापासून रामभाऊ त्या पानांना 'आपलं ड्रॉइंग' म्हणायला लागले.

मी नंतर मॅडमना विचारलं, चुकलं कसं हो तुमचं? बाकी सगळं तर काटेकोर.

त्या म्हणाल्या, "वीस पानं सुताराला वाचायला लावायची म्हणजे काहीतरी ठेवायला नको का?"

मी व्यापारी माणूस. पण असा माल मी आजवर खपवलेला नाही.

* * *

हट्टाचं काय करायचं, हेही ऐका, कारण तुमच्या घरातही कुणाचा तरी असणारच.

एकनाथभाऊंना जिना पाहिजे होता. टीव्हीवरच्या हिंदी मालिकेत असतो तसा, हॉलच्या मधोमध गोल वळणाचा. बंगला तर बैठा! विलास म्हणाला, दादा, जिना जाणार कुठं? गच्चीवर. गच्चीवर काय आहे? पाण्याची टाकी. "म्हणजे टाकी नटूनथटून खाली उतरणार का?" असं विलास बोलला आणि त्यावरून दोघा भावांत चार दिवस अबोला.

मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. हो पण म्हणाल्या नाहीत. खडू घेतला आणि नव्या हॉलच्या फरशीवर जिन्याचा पूर्ण आकार काढला. म्हणाल्या, पंधरा दिवस हा जिना इथं आहे असं समजून वावरा, मग ठरवू.

त्याच पंधरवड्यात नव्या घरात सत्यनारायण निघाला. पंगत बसली ती हॉलमध्येच. आता खडूची रेघ ती काय! पण मॅडमचा शब्द म्हणून तात्यांनी कुणाला रेघेच्या आत बसू दिलं नाही. पाहुण्यांची रांग वळणावळणानं बसली. शेवटी पान मांडायला जागा उरेना, तेव्हा ओतूरचे व्याही, एकनाथभाऊंचे खुद्द सासरे, बाहेर व्हरांड्यात चपलांशेजारी जेवले. निघताना तेवढं म्हणाले, "जावईबापू, जिना झ्याक झालाय."

पाहुणे गेल्यावर एकनाथभाऊंनी स्वतः ओलं फडकं आणून फरशी पुसली. सगळी.

* * *

हा किस्सा मी कित्येक वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

मंचरचा बाजाराचा दिवस. मॅडम माझ्या दुकानात सनमायक्याचे रंग निवडत बसल्या होत्या, मी मागं गोडाऊनमध्ये, तिथून सगळं दिसतं नि ऐकू येतं. एकनाथभाऊ आले. इकडंतिकडं बघून मॅडमना म्हणाले, नकाशात जरा सोय ठेवा. पुढंमागं लागलंच तर मधनं भिंत घालता आली पाहिजे. तात्यांच्या कानावर नको. आणि नकाशावर बोटानं रेघ दाखवली, हॉलमधून सरळ स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत. मॅडम म्हणाल्या, बघते.

तासाभरानं विलास आला. खिशातून त्यानं कोथिंबिरीची जुडी काढून मॅडमना दिली आणि तीच गोष्ट मागितली. दादाच्या कानावर नको. त्यानंही बोटानं रेघ दाखवली. मॅडम म्हणाल्या, बघते.

मी गोडाऊनमधून बाहेर आलो. म्हटलं, मॅडम, तात्यांचं बांधणं गेलं वाया. दोघांच्याही पोटात भिंत आहे.

त्या नकाशाकडं बघत होत्या. म्हणाल्या, "शेठ, दोघांनी एकच रेघ दाखवली. बोटभर इकडं नाही, बोटभर तिकडं नाही. एवढं मत तर अजून जुळतंय."

आणि त्यांनी पेन्सिलनं ती रेघ नकाशावर काढली. मला वाटलं, भिंतीची सोय केली.

* * *

महिनाभरानं ट्रकमधून दगड आला. काळा ग्रॅनाइट, दहा फूट लांब, सलग एक तुकडा.

आपल्याकडं ओटा भिंतीला चिकटून असतो. मॅडमनी स्वयंपाकघराच्या बरोबर मध्ये काढला होता, त्या रेघेला आडवा, पाच फूट अलीकडं आणि पाच फूट पलीकडं. दोन्ही बाजूंनी उभं राहता येईल असा. एका कडेला कमलवहिनीचा गॅस, समोरच्या कडेला शोभाचा, तिच्या डाव्या हाताला सोईचा. आणि मधोमध मिठाची एकच जागा, कोरून केलेली. दोघी समोरासमोर.

दगड दारातून आत जाईना. मी म्हटलं, मॅडम, दोन तुकडे करू. जोड असा बसवून देतो की बोट फिरवलं तरी कळणार नाही. एरवी गोड बोलणाऱ्या बाई, पण त्या दिवशी आवाज चढला. म्हणाल्या, तुकडे करायचे असतील तर दगड परत न्या, मीही जाते.

मग रामभाऊंनी मागच्या खिडकीची बसवलेली चौकट उपसून काढली, शिव्या देत. आठ माणसांनी दोर लावून दगड आत घेतला. एका टोकाला एकनाथभाऊ, त्याच टोकाला विलास. एरवी एकमेकांशी मोजकंच बोलणारी माणसं, पण दहा फुटी दगड हातात असला की बोलावंच लागतं. "दादा, तुमी सोडू नका, मी वाकतो." एवढंच ऐकलं मी.

पहिला महिना वाईट गेला. कमलवहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, समोर तोंड दिसायला नको म्हणून मी भिंतीकडं बघून भाजी चिरते, दोनदा बोट कापलं. मी मॅडमना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, "मीठ संपलं की कोण भरतं?" मला काय माहीत!

* * *

आता शेवटचा.

बंगला होऊन तीन वर्षं झाली. तात्या गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि पंधरा दिवसांत भावांचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून पेटलं. या खेपेला मध्ये पडायला कुणी नव्हतं. ठरलं, भिंत घालायची. हॉलमध्ये विटा येऊन पडल्या. पण भिंत स्वयंपाकघरातून न्यायची तर ओटा मधोमध कापावा लागणार. किसन गवंडी माझ्याकडं आला, दगड कापायचं पातं घेऊन गेला. मी बांधून दिलं. धंदा आहे, नाही कसं म्हणणार? पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी किसन परत आला. काउंटरवर खोकं ठेवलं. पातं कोरं, वरचा कागदही फाडलेला नव्हता.

मी विचारलं, काय झालं?

किसन म्हणाला, "पयल्या दिवशी गेलो, मोठ्या वैनी म्हणल्या, पीठ काढलंय, भाकरी व्हऊ द्या. भाकरी झाल्या, मला बी वाढलं, मग दोघींनी ओटा धुतला. ओल्यावर मशीन चालवायचं न्हाई म्हणल्या. दुसऱ्या दिवशी गेलो, तर दोघी गहू निवडत व्हत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिसऱ्या दिवशी पापड."

"मग?"

"ओटाभर पापड, शेठ. आमी तिघं उभे, मी आन् दोघं भाऊ. मोठ्या लाटत व्हत्या, धाकट्या उचलून घालत व्हत्या. एकनाथभाऊ म्हणले, किती ऱ्हायलंय? तर धाकट्या म्हणल्या, भाऊजी, अजून लई पीठ हाय."

मी पातं परत घेतलं. पैसे दिले. संध्याकाळी वही लिहायला बसलो. माल परत आला की माझ्या वहीत शेजारी कारण लिहायचा रकाना आहे. त्यात लिहिलं, 'पापड'.

मॅडमचा नंबर देतो, लिहून घ्या. पण एक करा, राव. घराचं काम काढलं की एक वही ठेवा, आणि जे घडेल तेच तिच्यात लिहा. निरगुडसरची भिंत कशानं टळली, ते माझ्या वहीत एका शब्दात आहे.