रिकाम्या दिसणाऱ्या सहा नळ्या

सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि लग्नानंतर देश. देवगडहून मी मॉरिशसला, प्लेन मान्येनच्या एका मराठी घरात सून म्हणून आले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर इथल्याच फिनिक्स गावातल्या एका प्रयोगशाळेत भांडी धुण्याचं काम लागलं. तीन महिने बघू, मग कायम करू, असं बोलणं झालं होतं. त्या तीन महिन्यांत मी स्वच्छ बाटल्याही दोनदा धुतल्या.

मला कामावर घेणाऱ्या डॉक्टरबाई इथल्याच मराठी घरातल्या, फ्रान्सला शिकून आलेल्या. बोलता बोलता अर्ध्या वाक्यात इथल्या क्रियोल भाषेत शिरत. मला वयनी म्हणत, म्हणजे वहिनी. त्यांचे उपकार मी रोज साबणाने फेडत होते.

त्यांचं सगळं काम एका मेंढीवर चाले. तिचं थोडं थोडं रक्त काढलं की तिचं शरीर घाईने नव्या तांबड्या पेशी तयार करी. या कोवळ्या पेशी पिकताना नको झालेली प्रथिनं बारीक पिशव्यांत भरून बाहेर टाकतात. एक्सोसोम हे त्यांचं नाव मी बऱ्याच वर्षांनी ऐकलं. तेव्हा आम्ही पिशव्याच म्हणायचो.

"पेशीचा केर, असं सगळे म्हणतात," बाई म्हणाल्या. "मला काय पटत नाय."

पेशी ज्या द्रवात ठेवलेल्या, तो द्रव यंत्रात फिरवायचा. आधी हळू, म्हणजे पेशी खाली बसतात. मग जोरात, म्हणजे तुकडे बसतात. शेवटी इतक्या जोरात की पिशव्याही नळीला चिकटतात. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन तंतोतंत सारखं हवं, नाहीतर यंत्र भिंत फोडून बाहेर येईल, असं मला सांगितलं होतं. मी दारातच उभी राहायची.

एका मंगळवारी बाई फोन घ्यायला गेल्या. सिंकशेजारी सहा प्लास्टिकच्या नळ्या होत्या, वरचा द्रव ओतून टाकलेल्या. मी एकेक उजेडात धरून पाहिली. रिकाम्या. साबण, ब्रश, तीनदा पाणी. कोरड्या करून होत्या तिथेच ठेवल्या. फार छान निघाल्या होत्या.

बाई आल्या, नळ्यांत थेंब थेंब द्रव घालून हलवला, काढला, त्यात तपकिरी रंग मिसळला. प्रथिन असेल तर तो निळा होतो. तो तपकिरीच राहिला.

"नान्ये," त्या म्हणाल्या. काही नाही. "दोन महिने त्या मेंढीला उगाच टोचलं, वयनी. बंद करूया आता हे." आणि वहीत लिहिलं: नान्ये.

मला कायम व्हायला नऊ दिवस उरले होते. गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. पण वहीत खोटं लिहिलं गेलं होतं, आणि ते माझ्या हातून.

"त्या नळ्या मी धुतल्या."

"कधी?"

"तुम्ही फोनवर होतात तेव्हा."

"साबणानं?"

"हो. तीनदा विसळल्या."

बाईंनी वही पुढे ओढली. "आयो, वयनी. परत टोचायचंय हे मेंढीला तुमीच सांगा. मी नाय सांगत."

मग त्यांनी वहीतलं 'नान्ये' खोडलं आणि वर लिहिलं: धुतल्या.

नऊ दिवस मी बाटल्या धूत राहिले; मला कायम करण्याचा विषय कोणी काढला नाही. मी जेवत नव्हते म्हटलं तरी चालेल. दहाव्या दिवशी पुन्हा द्रव तयार होता. बाईंनी माझ्या हातात काळं पेन दिलं. यंत्रात ठेवताना नळीची जी बाजू बाहेर असेल तिथे खूण करायची. पिशव्या तिथेच बसतात.

"हे आता तुमचं काम. कायमचं."

यंत्र थांबल्यावर त्यांनी एक नळी उजेडात धरली. "दिसतंय?"

पंधरा दिवसांपूर्वी, नोकरी जाईल या भीतीने, मी हो म्हटलं असतं.

"नाही."

"मला बी नाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर खूण."