तारखेची कोरी जागा

मलमाच्या कारखान्यात त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. खरं नाव होतंच की, पण ते पगारपत्रकापुरतं. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटं भिंग कायम खोचलेलं, आणि छापलेलं काहीही समोर आलं की हात आपसूक तिकडे जायचा. जावयानं एकदा आपलं नवं व्हिजिटिंग कार्ड कौतुकानं हातात ठेवलं. ह्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "लाल रंग केसभर सरकलाय." जावई बिचारा अजून ते विसरलेला नाही.

कारखान्याची सगळी छपाई बाहेरून करून घेणं हे त्यांचं काम. मलमाच्या ट्यूबची खोकी, आतला घडीचा कागद, लेबलं, सगळं. डोळ्यांत तेल घालून काम करणारा माणूस. ट्यूबलाइटखाली गुलाबी रंग फसवतो म्हणून नमुना दारात नेऊन उजेडात बघणार, मजकूर एकदा सुलटा आणि एकदा शेवटाकडून वाचणार. अशा माणसाच्या हातून हे व्हावं, राग येतो तो ह्याचाच.

एकोणीस वर्षं खोकी एकाच छापखान्यात छापली जात. कारखान्यामागच्या दोन गल्ल्या ओलांडल्या की पत्र्याच्या छपराखाली एक मशीन, आणि मशीनपाशी आप्पा. हिशेब बघायला आप्पांची मुलगी. ऑर्डर द्यायची पद्धत काय, तर भिंगवाले फोन उचलत आणि म्हणत, "आप्पा, वीस हजार. मागच्यासारखंच." पलीकडून आवाज यायचा, "झालंच म्हणून समजा." संपलं! ना कागद, ना सही. नमुना बघायला भिंगवाले स्वतः जायचे, चहा व्हायचा, आप्पा मुद्दाम एखादा नमुना थोडा वाकडा कापून पुढे ठेवायचे आणि ह्यांना तो सापडला की गालातल्या गालात हसायचे. एरवी दोघेही घुमे, पण त्या अर्ध्या तासात त्यांची गट्टी बघण्यासारखी असायची.

मग थोरल्या मालकांनी कारभार मुलाकडे सोपवला. धाकटे मालक पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "एकाच छापखान्याला इतकी वर्षं? तीन कोटेशनं मागवा. आणि काय हवंय ते लिहून द्या, तोंडी काही नको."

बरोबरच होतं त्यांचं. वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. भिंगवाल्यांना तर उलट हुरूप आला. त्यांनी बसून दोन पानं लिहून काढली. पुठ्ठ्याचं वजन, मापं, रंगांचे नंबर, घड्या, डिंकाची पट्टी, आणि चकाकीसाठी संपूर्ण खोक्यावर वॉर्निश. तीच दोन पानं दोन नव्या छापखान्यांना पाठवली, कारण एकाला एक सांगितलं आणि दुसऱ्याला दुसरं, तर भाव ताडून बघण्यात अर्थ काय?

आणि तिसरं कोटेशन? ते आप्पांचं. पण आप्पांना त्यांनी पानं पाठवलीच नाहीत. त्यांचा भाव आपल्याला पाठ आहे, उगाच कशाला त्या म्हाताऱ्या जिवाला घोर, असं म्हणत त्यांनी आप्पांचं मागचं बिल फाइलला लावून टाकलं. खरं कारण वेगळं होतं. आप्पांच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. अहो, भित्रेपणाच तो, दुसरं नाव नाही त्याला.

नवा छापखाना बराच स्वस्त निघाला आणि काम तिकडे गेलं. पुढच्या पंधरवड्यात आप्पांचा फोन आला. भिंगवाले वाजणाऱ्या फोनकडे बघत बसले. काय बोलणार? थंडीत पुन्हा एकदा त्याच नंबरावरून आला, तोही वाजून वाजून थांबला.

आप्पांची शिल्लक खोकी संपत आली तेव्हा नव्या छापखान्याचा नमुना आला, तो मात्र असा सुरेख की बघत राहावं. भिंगवाल्यांनी तो दारात नेला, भिंग लावलं, घड्या घातल्या, उलट सुलट वाचला. रंग जागच्या जागी. आप्पांच्या मशीनवर इतकं नेटकं कधी आलं नव्हतं, हे त्यांनी मनाशी कबूलही केलं, आणि सही ठोकली.

चाळीस हजार खोकी आली. हॉस्पिटलच्या मोठ्या ऑर्डरसाठी पहिली खेप भरायला घेतली आणि तासाभरात पॅकिंगच्या मावशी जिना चढून वर आल्या. एका हातात खोकं, दुसऱ्या हाताचा अंगठा काळा.

"भिंगवाले, तुमची तारीख शोधताय का? ही बघा, माझ्या अंगठ्याला लागलीये."

मलम कधीपर्यंत वापरायचं, ती तारीख कारखान्यातच शिक्क्यानं मारायची असते. वॉर्निशवर ती शाई धरतच नाही, बोट लागलं की पुसली जाते. आप्पांच्या खोक्यावर एका कडेला बोटभर जागा वॉर्निशविना असायची, तिथेच तारीख पडायची. एकोणीस वर्षांत भिंगवाल्यांनी ती जागा हजारदा पाहिली होती आणि एकदाही विचारलं नव्हतं की ही अशी का.

"एक खोकं आधी खाली पाठवलं असतंत ना," मावशी म्हणाल्या, "शिक्का मारून दोन मिनिटांत सांगितलं असतं मी."

भिंगवाले ते खोकं घेऊन तडक निघाले. नव्या छापखान्यानं शांतपणे त्यांचीच दोन पानं पुढे केली. संपूर्ण खोक्यावर वॉर्निश, खाली सही. त्यांचं काय चुकलं? काही नाही.

धाकट्या मालकांनीही आवाज चढवला नाही. "तारखेशिवाय हॉस्पिटल एक खोकंही घेणार नाही, आणि वरून चिकटवलेली तारीख त्यांना चालत नाही. दहा दिवसांत नवी खोकी आली नाहीत तर ती ऑर्डर जाईल. आणि ती गेली, तर तुम्हाला ठेवणं मला जमायचं नाही." भिंगवाल्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती, आणि ह्या वयात दुसरी नोकरी कोण देणार?

नवा छापखाना महिनाभर दुसऱ्या कामांनी भरलेला. दुसरीकडे खोकं कापायचा साचा बनवण्यातच दोन आठवडे जाणार. तयार साचा एकाच ठिकाणी होता, आप्पांच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेला. नाक मुठीत धरून जाणं आलं. भिंगवाले दोन गल्ल्या ओलांडून गेले, कित्येक महिन्यांनंतर.

शटर अर्धं वर होतं. आत आप्पांची मुलगी जुने कागद पोत्यात भरत होती. मशीनच्या जागी जमिनीत बोल्टची चार भोकं आणि तेलाचा डाग. भिंतीवर नुसता खिळा.

"मशीन विकलं," ती म्हणाली. "साचे त्याच्याबरोबरच भंगारात गेले."

"आणि आप्पा?"

"थंडीतच गेले, काका. कळवायला मी फोन केला होता तुम्हाला."

भिंगवाले उभ्या उभ्या भिंतीला टेकले. मग त्यांनी आपलं येण्याचं कारण सांगितलं. तिनं पोत्यात हात घालून एक मळकं कार्ड काढलं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं असं एक कार्ड आप्पा ठेवायचे. मलमाच्या खोक्याच्या कार्डावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "तारखेची जागा वॉर्निशविना सोडणे. साहेब सांगायला विसरतात. आपण विसरू नये."

"त्या आधीचा फोन..." भिंगवाले म्हणाले. "मला वाटलं, काम का काढून घेतलंत म्हणून रागावतील."

"छे हो. रागावले नव्हते. कागदवाल्याकडून कळलं त्यांना, तुम्ही दुसरीकडे गेलात ते. फोन लावत बसले होते. मी म्हटलं, जाऊ द्या ना बाबा. तर म्हणाले, अगं, तारखेचं सांगायचं राहील त्याचं, फसेल तो."

भिंगवाल्यांना तिथेच रडू कोसळलं. तिनं पाण्याचा पेला आणून दिला आणि पुन्हा कागद भरायला लागली.

हॉस्पिटलची ऑर्डर गेली. महिनाअखेरीस भिंगवाल्यांची नोकरीही गेली. शेवटच्या दिवशी पुढच्या माणसासाठी त्यांनी ती दोन पानं नव्यानं लिहिली. नमुना आधी पॅकिंगला पाठवून शिक्का मारून बघावा, हे घातलं. शेवटी तारखेच्या कोऱ्या जागेची ओळ घातली आणि पुढे लिहिलं, "सूचना आप्पांची."

धाकट्या मालकांनी पानं वरपासून खालपर्यंत वाचली.

"हे आप्पा कोण?" त्यांनी विचारलं.

"आपली खोकी छापायचे," भिंगवाले म्हणाले.