लघुपरिपथ होऊ देऊ नये

कलेक्टर कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. शिक्षण आठवीपर्यंतच, तथापि सरकारी मराठीतला शब्द मला अडवू शकत नाही, अशी माझी ख्याती होती आणि ती सार्थ होती. सुरगाण्याकडचा माणूस "पाणी नाय, साहेब" एवढेच सांगे. त्याची "पेयजलाची तीव्र टंचाई" मी करीत असे.

नव्वदचे दशक सरत आले होते. मुलगी सातवीत होती आणि तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरले होते. रविवार कारंजावरील दुकानातून मी तिला विजेचा खेळसंच आणून दिला: भोकांचा पुठ्ठा, इवलासा दिवा, बटण, चौकोनी बॅटरी आणि रंगीत वायरी. दिवा पेटला तरच प्रदर्शनात टेबल मिळेल, असे बाईंनी बजावले होते. त्या टेबलापायी पोरीला घास गोड लागत नव्हता.

चित्र पाहून तिने जोडणी केली. बॅटरी लावण्याआधी सूचनापत्रक पूर्ण वाचावे, असा आग्रह मी धरला. त्यात स्पष्ट छापले होते: 'लघुपरिपथ होऊ देऊ नये.' लघु म्हणजे लहान, परिपथ म्हणजे फिरण्याची वाट. अर्थात वाट आखूड नसावी. तिच्या वायरी तर वीतभरही नव्हत्या.

"चित्रात एवढ्याच आहेत, बाबा."

"चित्र निरक्षरांसाठी असते," मी म्हणालो.

घरातली जुनी वायर सोलून मी लांबलचक तुकडे जोडले आणि पसारा नको म्हणून एकत्र गुंडाळले. दिवा पेटला नाही. बॅटरी मात्र हात लावू देईना इतकी तापली आणि निकामी झाली.

सकाळी दुकानदाराने सगळे ऐकून घेतले. "काका, शॉर्ट होऊ देऊ नका, एवढंच लिहिलंय हो. उघड्या वायरी गुंडाळल्यावर दुसरं काय होणार?"

आमच्या गल्लीतली म्हातारीसुद्धा मीटर जळाले की "शॉर्ट झालं" म्हणते. मग लेकरांच्या खेळावर हा शब्द छापताना कोणाची अब्रू जात होती? आजही विचार केला की डोके तडकते.

नवी बॅटरी घेऊन घरी परतलो तेव्हा मुलीने माझी वायर काढून टाकली होती. "तुम्ही फक्त बॅटरी द्या," ती म्हणाली. दिवा पेटला. टेबल मिळाले.

प्रदर्शनात इस्त्रीचा सदरा घालून मी तिच्या शेजारी उभा होतो. कोणाची मदत घेतलीस, असे परीक्षकांनी विचारले. कोणाचीच नाही, असे ती म्हणाली. मग त्यांनी विचारले, काय काळजी घ्यावी?

"शॉर्ट होऊ द्यायचं नाही, सर."

"मराठीत सांग."

मी तोंड उघडले, तोच तिने माझ्या सदऱ्याची बाही घट्ट धरली.

"मराठीतच सांगितलं, सर."