बंडूजींचं गिझर

नालवाडीचे बंडूजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म गाडीत गेला, पण यंत्राशी संबंध आला तो फक्त घंटीपुरता. ती राहिलेली हौस निवृत्तीनंतर घरावर निघाली. मिक्सर असो, कूलर असो, शेजारणीची शिलाई मशीन असो, बंडूजी तिला डॉक्टरसारखा कान लावत आणि जागच्या जागी निदान सांगत. मशीन मग दुकानात न्यावी लागे, ही गोष्ट वेगळी.

त्यांचं एक काम मात्र खरोखर गाजलं होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यात चहापत्ती टाकायची तेवढी बाकी असते. बंडूजींनी टाकी सरळ खाली उतरवली आणि कडुनिंबाच्या सावलीत पुरुषभर ओट्यावर बसवली. मे महिन्यात गल्लीतले लोक त्यांच्या नळाखाली हात धरायला येत आणि मान हलवत परत जात.

मग थंडी आली आणि बंडूजींनी गॅस गिझर आणलं. न्हाणीघरात लावू नका, आत गॅस कोंडला की माणूस जातो, असं दुकानदारानं बजावलं होतं. तेवढं त्यांनी ऐकलं. गिझर बाहेरच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं बसवलं आणि पेटवून पाहायच्या आधीच गिरडला व्याह्यांना फोन केला. रूपरावजी, म्हणजे त्यांच्या सुरभीचे सासरे, कमी बोलणारा आणि जास्त पाहणारा माणूस. रविवारी येतो, आंघोळ तुमच्याकडेच करीन, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गिझर पेटेना. नळ सोडला की नुसतं टकटक करी. बंडूजींनी सेल बदलले, रेग्युलेटर काढून पुन्हा बसवलं, सांध्यांना साबणाचा फेस लावून गॅस गळतो का तेही पाहिलं. शेवटी कान लावला आणि कंपनीनं माल हलका दिल्याचं निदान केलं. त्यांच्या पत्नी शोभाबाई भांडी घासता घासता पाहत होत्या.

"नळाले पाणी दोऱ्यावानी येऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. "पाण्याले जोर नाई, तं ते पेटन कसं? टाकी वर न्या."

बंडूजींनी सेल काढून पुन्हा पुसले. गिझर काय, कोणाचंही बिघडतं. पण टाकी वर नेणं म्हणजे अख्ख्या मे महिन्याची माफी मागणं. चुलीवर पाणी तापवून देते, हे शोभाबाईंचं म्हणणंही त्यांनी फेटाळलं. व्याह्यांना गिझर सांगितलं होतं, चूल नाही.

रविवारी रूपरावजी न्हाणीत शिरले तेव्हा गच्चीच्या कठड्यावर एक ड्रम होता आणि ड्रमातून खाली गिझरला नळी जोडलेली होती. नळ सुटला आणि गिझर भक्कन पेटलं. ड्रममध्ये दोन बादल्या पाणी होतं, कारण बंडूजींच्या मते शहाण्या माणसाला तेवढं पुरतं. रूपरावजींनी डोक्यालाही साबण लावला.

पुढचा कार्यक्रम जिन्यावर झाला. टाकीखाली बादली भरायची, वर चढायचं, ड्रममध्ये ओतायची, की गिझर भक्क. बंडूजी खाली पोचेपर्यंत गिझर फुस्स. पहिल्या काही खेपा उमेदीच्या होत्या. पुढे पुढे भक्क आखडत गेलं आणि फुस्स लांबत गेलं. बंडूजी कुठे आहेत, असं आतून विचारणं आलं, तेव्हा ते वर पूजेला बसल्याचं शोभाबाईंनी सांगितलं. जिन्यावरून चपलांचा फटफट आवाज येतच होता.

रूपरावजी पंचा गुंडाळून बाहेर आले. समोर बंडूजी कमरेपर्यंत भिजलेले, हातात रिकामी बादली, तोंडानं श्वास घेत उभे होते. रूपरावजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग गिझरकडे नीट पाहिलं.

"पाणी चांगलं तापते, इवाई," ते म्हणाले. "पण तुमच्या गिझरले दम लागते."

"नवीन हाये ना," बंडूजी म्हणाले. "सवय नाई झाली अजून."

रूपरावजींना ते पटलं. त्यांनी मुक्काम एक दिवसानं वाढवला.