श्रीपतराव मिस्तरींनी ऐकलेला चौथा ठोका

श्रीपतराव हिवाळे मिस्तरींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या बाहुबलींच्या पावलाला कान लावून बसले होते. खामगावची नोकरी संपवून मी धाडजवळच्या या टेकडीवर तीर्थक्षेत्राचा व्यवस्थापक म्हणून नुकताच आलो होतो. भर दुपार होती. एवढ्या उंच मूर्तीची सावली पायाशी गोळा झाली होती आणि आवारात चिटपाखरू नव्हतं. "कोण तुम्ही? काय चाललंय?" मी दरडावून विचारलं. मान न वळवता त्यांनी बोट वर केलं. "चूप राहा जरा, साहेब. आयकू द्या." नव्या व्यवस्थापकाचं असं स्वागत झालं. मला रागच आला. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट.

मग कळलं, हेच परांची बांधणारे मिस्तरी. महामस्तकाभिषेकाला भाविकांना मूर्तीच्या मस्तकापर्यंत नेणारी बांबूंची परांची वर्षानुवर्षं तेच बांधत आले होते. पंचक्रोशीत सगळेच आमच्या मूर्तीला 'उभे महाराज' म्हणतात. मिस्तरी बौद्ध कुटुंबातले, तेही तसंच म्हणत. परांची तयार झाली की कोणालाही वर सोडण्याआधी ते अनवाणी, एकटे चढत. पावलांपासून मस्तकापर्यंत जागोजागी लाकडी मोगरीने तीन ठोके मारत आणि दगडाला कान लावत. निकोप दगड खणखणीत वाजतो, आत चीर असेल तर बद्द आवाज येतो. हे संपेपर्यंत ते अन्नाला शिवत नसत. "मिस्तरी, उपास आमच्यात करतात, तुम्ही कशाला?" असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "पोट भरलं का कान जड होते, साहेब."

त्यांची तपासणी संपल्यावर त्यांच्या मागोमाग मी एकदाच वर गेलो. खालून शांत दिसणारा तो चेहरा जवळून पाहवत नाही. अर्धे मिटलेले ते प्रचंड डोळे आपल्याकडे बघत नाहीत, तरी त्यांना आपण आल्याचं कळलं आहे असं वाटत राहतं. वारा पडलेला होता, पण माझ्या गालाला काहीतरी गार लागत होतं. मिस्तरी हळूच म्हणाले, "महाराजाच्या डोक्यावर कदी पाखरू बसलेलं पाह्यलं का तुमी?" मी आठवून पाहिलं. पाहिलं नव्हतं, आजतागायत पाहिलेलं नाही. त्या दिवशी मी गुपचूप खाली उतरलो.

मिस्तरींचा चांगुलपणा आमच्या घराने फार जवळून पाहिला आहे. माझ्या वडिलांचे, अण्णांचे, गुडघे गेले होते. टेकडी चढणं त्यांना जमत नसे. मिस्तरींनी कोणी न सांगता बांबूची खुर्ची बांधली आणि आपल्या माणसांच्या खांद्यावरून अण्णांना दर्शनाला आणलं. उभ्या महाराजांच्या मस्तकावर एकदा कलश ढाळायचा, ही अण्णांची आयुष्यभराची इच्छा. पुढच्या मस्तकाभिषेकाला समाजाने पहिल्या कलशाचा मान त्यांना दिला. खुर्ची वर ओढता यावी म्हणून मिस्तरींनी परांचीला कप्पी लावली.

आदल्या दिवशी दुपारी अण्णा खाली खुर्चीत बसले होते आणि मिस्तरी ठोके मारत वर निघाले. मूर्तीच्या पायांवर कोरलेल्या दगडी वेली जिथे गुडघ्याला वळसा घालतात, तिथे ते थांबले. पुन्हा तीन ठोके मारले. पुन्हा थांबले. खाली आले तेव्हा त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"साहेब, म्या तीन मारले. आतून चौथा आला."

"प्रतिध्वनी असेल."

"तो लगेच येते. हा सावकाश आला. कोनी आंदी आयकून घेतलं आन् मंग मारला, तसा. उद्या कोनाले वर जाऊ देनार नाई म्या."

तिथे जमलेले विश्वस्त हसले. मी ओरडलो, "आमच्या महाराजांमधलं तुम्हाला काय कळतं?" हे वाक्य मला आजही आठवतं आणि मान खाली जाते. त्यांचं तोंड बंद करावं म्हणून मी स्वतः पावलाला कान लावला. थोड्या वेळाने उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काही नाही. दगड आहे, दगड."

 मिस्तरी कोयता घेऊन वर चढले आणि स्वतः आवळलेले दोर एकेक करून त्यांनी कापून टाकले. मस्तकाभिषेक झाला नाही. अण्णांनी खुर्चीतूनच चरणांवर कलश ढाळला आणि त्याच हिवाळ्यात ते गेले.

मूर्तीला काहीही झालं नाही. जाणकारांनी तपासली, कुठे चीर सापडली नाही. परांचीचं काम लोखंडी पाइपवाल्यांकडे गेलं. मिस्तरी खुळे ठरले. धाडच्या बाजारात लोक अजून विचारतात, "काय मिस्तरी, आला का ठोका?" ते हसून पुढे जातात. अभिषेक असला की आजही कोणी न बोलावता येतात, खालूनच कान लावतात आणि निघून जातात.

त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात मला एक कबुली द्यायची आहे. त्या दुपारी पावलाला कान लावला तेव्हा मलाही ठोका ऐकू आला. एकच. मिस्तरी माझ्याशेजारी उभे होते, मोगरी जमिनीवर पडली होती, परांचीवर कोणी नव्हतं. तो कशाचा आवाज होता, मला माहीत नाही. लोक हसतील म्हणून मी खोटं बोललो. ऐकूनही मी माझ्या जन्मदात्याला वर पाठवायला निघालो होतो, आणि ज्या माणसाने त्यांना अडवलं त्याला इतकी वर्षं खुळा म्हणू दिलं.

हा लेख छापायला देण्याआधी मी धाडला जाऊन मिस्तरींना वाचून दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "मले मालूम होतं. तुमी कान काढला आन् रुमालानं पुसला. ज्याले काईच आयकू येत नाई, तो कान काऊन पुसन?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमचे अण्णा समोर बसले होते ना, साहेब."

 गौरव समारंभात हे सगळं मी सर्वांसमोर मोठ्याने वाचणार आहे. श्रीपतराव मिस्तरींना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि यापुढे धाडच्या बाजारातून जाताना त्यांना कोणीही खुळा न म्हणो.