धनजच्या शांताबाईंनी मला ओळखलं कसं?

मी केनवडला मोटार रिवाइंडिंगचं काम करतो, म्हणजे पाण्याच्या मोटारींची जळालेली तांब्याची कॉइल नव्यानं गुंडाळतो. बंद पडलेल्या मोटारीला काहीतरी कारण असतंच, हे मला पक्कं ठाऊक. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी अकोल्याच्या एका दवाखान्यात अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होतो. त्यातलं मला एकच आठवतं — खाटेजवळ बसलेली एक म्हातारी. म्हणाली, "मी धनजची शांताबाई. माही भुरी शेळी दुसऱ्या कोनाले हात लावू देत नाही. तिचं कसं होईन?" आम्ही बराच वेळ बोललो. घशात नळी असताना मी बोललो कसा, हे तेव्हा सुचलंच नाही.

घरी आलो तो निम्माच. दहा पावलांत धाप लागायची, बोटं बधिर, आणि कॉइलचे फेरे मोजताना मध्येच आकडा हरवायचा. पुन्हा सगळं उकलायचं. डॉक्टर म्हणाले, "आयसीयूतून आलेल्यांना असं होतं, वेळ लागतो. आणि ती बाई म्हणजे गुंगीतला भास." मी मान्य केलं, पण मनात धास्ती बसली. डोक्यातलं खरं काय नि भास काय हेच कळत नसेल, तर दुकान चालवायचं कसं?

बायको सुनीता मात्र म्हणाली, "तुमी आयसीयूतून वॉर्डात आले त्याच दिवशी मले इचारलं होतं, शांताबाईची शेळी कोन पाह्यते म्हनून. मी नर्सले इचारलं. या नावाची बाईच नव्हती तिथं."

दीड वर्षानं, बसचा प्रवास झेपेल एवढा दम आल्यावर, खरं काय ते बघायला आम्ही दोघं धनज गावाला गेलो. स्टँडवर विचारलं, तर घर लगेच सापडलं. अंगणात भुरकट शेळी, आणि बाजेवर तीच म्हातारी. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "केनवडचे मोटारवाले ना तुमी?"

तिलाही कोरोना झाला होता. सुनेनं फाइल आणून दाखवली. दवाखाना तोच, आयसीयूतला बेडही माझाच — सात नंबर. पण ती भरती झाली होती मी घरी आल्यावर चार दिवसांनी. सुनीतानं तारखा दोनदा वाचल्या.

"मी काय बोललो होतो तुमच्याशी?" मी विचारलं.

"मी लय भेली होती. तं तुमी म्हनले, बाई, मी याच खाटेवरून उठून घरी चाललो. तुमी बी उठसान."

मी असं बोलल्याचं मला काहीच आठवत नाही. तसं सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "तुमाले नसन आठवत. मले आठवते."

माझी बोटं अजून पुरती सुधारलेली नाहीत, आकडे अजूनही हरवतात. पण मी आता त्याला घाबरत नाही. त्या दिवशी धनजहून निघताना सून दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "शुद्धीवर आल्यावर आई रोज एकच म्हनत होत्या, मोटारवाले गेले घरी, मी बी जाईन."

हे कसं घडलं, मला अजूनही सांगता येत नाही.