परत आलेल्या टॅक्सवर परत टॅक्स?

बायांनो, आज सकाळी इन्कमटॅक्सचे पैसे खात्यात आले आणि मी लगेच नवऱ्याला दाखवले. मी साड्यांना फॉल लावते, त्या मजुरीतून दुकानात टॅक्स कापतात, तोच परत आला होता. नवरा म्हणाला, "हात लावू नको, यावर परत टॅक्स बसेल."

लेकीला शाळेचे बूट घ्यायचे होते. तरी टॅक्सची कटकट नको म्हणून सगळे पैसे काढले आणि इथे बेंगळुरूत चिकपेटच्या बाजारात त्याच दुकानात परत द्यायला गेले.

हिशेब लिहिणाऱ्या अक्का हसल्या. "अगं, तुझ्याच डब्यातले तांदूळ तुला परत दिले, ती काय कमाई झाली? वर स्वल्प व्याज आलंय, तेवढंच पुढच्या रिटर्नमध्ये दाखवू."

आता लेक नवे बूट घालूनच झोपलीय. तुम्हीपण कोणी असे स्वतःचेच पैसे भिऊन तसेच ठेवलेत का?